शब्दविचार : धक्का, धसका आणि ‘शॉक’



मक्केच्या हरम मशिदीकडून मीनाकडे जाताना अल अझीझिया ही वस्ती लागते. हज समितीमार्फत जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूंपैकी पुष्कळांची उतरण्याची सोय अनेक वर्षे तेथेच होत आली. त्यांत कोकणातील मुसलमान बांधवही असत. ज्या गावांत आपल्या वाडवडिलांनी तेलाचे घाणे चालविले, त्याच परिसरातले हे आपले जुने शेजारी. २४ सप्टेंबर २०१५ रोजी मीना येथे भयंकर चेंगराचेंगरी झाली. सौदी सरकारने ७६९ मृत्यू जाहीर केले. निरनिराळ्या देशांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज मात्र २,००० च्या पुढे गेली. मृतांत शंभराहून अधिक भारतीय होते.

अशा वेळी इंग्रजी बातमीत एक ठरीव शब्द येतो : कुटुंब ‘शॉक’मध्ये आहे. परंतु क्षणभर विचार करावा. आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कळत नाही, तोवर जी होते ती घालमेल. जीव टांगणीला लागलेला असतो. वार्ता येते तेव्हा बसतो तो धक्का. पुढे वर्षानुवर्षे गर्दी पाहताच अंगावर काटा येतो, तो धसका. आणि जे दुःख माणसाला आतून पोखरीत नेते, त्याबद्दल आपण म्हणतो, ‘तिने हाय खाल्ली.’ अवस्था चार, शब्दही चार. एकट्या ‘शॉक’ने त्यांची बोळवण कशी व्हावी?

इंग्रजी शब्द दरिद्री आहेत असे मात्र कोणी समजू नये. ‘शॉक’ म्हणजे मुळात दोन सैन्यांची टक्कर. ‘ट्रॉमा’ म्हणजे ग्रीक भाषेत जखम. ती मनालाही होते, हे वैद्यकाने १९ व्या शतकाच्या अखेरीस मान्य केले. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’वर लेख लिहिला आणि ज्यांना भेकड म्हणून हिणवीत, त्या सैनिकांच्या यातनेला आजाराचे नाव मिळाले. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आघातोत्तर विकाराची आपल्या अधिकृत सूचीत नोंद केली. नाव मिळाले म्हणजे उपचाराचे दारही उघडते.

आणखी एक मौज पाहा. अरबी ‘सदमा’ आपल्याला १९८३ च्या हिंदी चित्रपटामुळे परिचित. त्याचाही मूळ अर्थ टक्कर. हिब्रू ‘हेलेम’च्या मुळाशी प्रहार आहे. इंग्रजी ‘अँग्विश’चे मूळ लॅटिनमधील अरुंदपणात, आणि आपली हिब्रू ‘त्सारा’ ज्या ‘त्सार’शी जोडलेली आहे, त्याचा अर्थही अरुंदच. मराठीत आपण म्हणतो, ‘जीव गुदमरतो.’ मनाची व्यथा सांगायला प्रत्येक भाषेने देहाचाच आधार घेतला आहे.

हे सांगण्याचे प्रयोजन केवळ पांडित्य नव्हे. आमच्या घरातील एक वृद्ध बाई दवाखान्यात ‘छातीत धस्स होतं’ असे सांगू लागल्या. सोबतच्या नातवाने हिब्रूत डॉक्टरांना सांगितले, ‘छाती दुखते.’ हृदयाच्या तपासण्या झाल्या. सर्व ठीक निघाले. बहिणीच्या निधनाचा त्यांनी धसका घेतला होता, हे कोणी विचारले नाही आणि त्यांना सांगता आले नाही. दोष नातवाचा नव्हे. तो शब्द त्याच्या कानावर आम्हीच कधी पडू दिला नव्हता.

म्हणून विनंती एवढीच : मुले आइस्क्रीम संपल्यावरही ‘शॉक’ झाल्याचे म्हणतात, तेव्हा त्यांना हसून सोडून देऊ नये. धक्का, धसका, घालमेल आणि हाय यांतील भेद जेवताना, बोलता बोलता त्यांच्या कानावर घालावा. उद्या दवाखान्यात आपल्या शेजारच्या खुर्चीवर तीच बसणार आहेत. आपल्या मनाची जखम परक्या भाषेत त्यांनाच सांगावी लागणार आहे.

असो. शालोम.