नाटक सुटल्यावर



1842 साली कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली आणि संस्थानिकांपुढे त्यांनी आपले खेळ केले. खेळ संपले, मंडळी पुढच्या गावाला गेली, पण चिंतामणराव पटवर्धनांच्या मनातून ते खेळ काही जाईनात. असं काही आपल्या भाषेत का होऊ नये, असं बोलणं निघालं आणि ते काम विष्णुदास भाव्यांच्या गळ्यात पडलं. पुढच्या वर्षी, 5 नोव्हेंबर 1843 रोजी, सांगलीत 'सीता स्वयंवर'चा खेळ झाला. शाळेत आपण ही मराठी रंगभूमीच्या जन्माची कथा म्हणून वाचली. आम्हाला ती आधी एका प्रेक्षकाची कथा वाटते. खेळ पाहून आल्यावर या माणसाला गप्प बसवेना. आता हा प्रेक्षक राजा होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याचं पुढे काही झालं. बाकीच्यांना नुसतंच बोलावं लागतं.

तर यंदाचा अंक या नुसतंच बोलणाऱ्यांचा आहे. त्या 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन दिवाळीच्या आगेमागेच येतो, तेव्हा निमित्त आयतंच होतं. नाटकावर लिहिणारे आपल्याकडे कमी नाहीत. समीक्षक लिहितात, नटांची आत्मचरित्रं निघतात, नाट्यसंस्थांचे महोत्सवी ग्रंथ निघतात आणि कपाटात जाऊन बसतात. या अंकात आम्ही ज्यांना बोलतं केलं आहे, ते यांपैकी कुणीही नाहीत. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, कुणाचं औषधांचं दुकान आहे, कुणी निवृत्त झाल्यापासून फक्त हेच करतं. रविवारचा पेपर हातात आला की पहिलं पान सोडून आधी नाटकांच्या जाहिराती उघडणारी ही माणसं. तिसरी घंटा होईपर्यंत बोलतात, मध्यंतरात बोलतात आणि पडदा पडला की खरं बोलायला लागतात.

त्यांच्या गप्पा कशा असतात, ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी हा एक नमुना.

"रविवारी दुपारचं कोण कोण?"
"कुठे आहे?"
"दीनानाथला."
"पार्ल्याला नको. शिवाजीला लागेल तेव्हा जाऊ."
"शिवाजीलाच का?"
"वडा."
"माझ्याकडे दोन जास्तीची आहेत. जी रांग, मधली."
"मूळ संच आहे का?"
"धाकटी सून बदललीय."
"नवीन बरी आहे. दुसऱ्या अंकात जरा घाई करते."
"तू कधी पाहिलंस?"
"गुरुवारी, गडकरीला."
"एकटाच? न सांगता?"

इथे नाटक बाजूला राहतं आणि मैत्रीची सुनावणी सुरू होते. पूर्वी हे सगळं नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, कट्ट्यावर, शेवटच्या लोकलमध्ये चालायचं. आता दिवसभर फोनवरही चालतं. त्याने फरक एवढाच पडला की नाशिकचा माणूस, नागपूरची बाई आणि न्यू जर्सीत रात्री अडीचला जागा असलेला एक जीव एकाच वेळी भांडू शकतात. विषय तेच: कोण कुठे पडला, कुणाचं टायमिंग चुकलं, संगीत कुठे अंगावर आलं, एसी बंद होता की नाही आणि स्वच्छतागृहाची अवस्था. शेवटच्या विषयावर आजवर कुणाचंही दुमत झाल्याचं ऐकिवात नाही.

आम्हाला यातली सगळ्यात जास्त भुरळ पडते ती बारीक नजरेची. दादरला प्लाझासमोर शिवाजी मंदिरात एका मध्यंतरात वड्याच्या रांगेत ऐकलेलं एक बोलणं सांगतो. "पत्र वाचायला घेतलं तेव्हा त्याने चष्मा काढला, पाहिलंस?" "लांबचा असेल." "लांबचा कसला! पहिल्या प्रवेशात पेपर वाचताना तोच घातला होता." पुढे उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ मान वळवून म्हणाला, "गेल्या महिन्यातल्या प्रयोगाला काढला नव्हता." झालं. तिघांचे वडे थंड झाले. एकाचं म्हणणं, त्या माणसाला पत्र वाचायचंच नाहीये, मजकूर त्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून चष्मा काढला. दुसऱ्याच्या मते दिव्यांच्या उकाड्याने काच धुरकटली, बाकी काही नाही. अनोळखी गृहस्थांचं मत असं की नटाला ते गेल्या महिन्यानंतर कधीतरी सुचलं असणार आणि दिग्दर्शकाने ते राहू दिलं असणार. घंटा झाली तरी निकाल लागला नाही. नाटकाचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण ते फार चांगलं नव्हतं. पण सुमार नाटकातही चष्मा कधी काढला हे ज्यांच्या लक्षात राहतं, त्यांच्यासमोर काम करताना नटाला अंगचोरी करून चालत नाही. परीक्षण एकदाच छापून येतं, तेही बहुधा सुरुवातीच्या प्रयोगांवर. पन्नासाव्या, दोनशेव्या प्रयोगावर लक्ष ठेवून असतात ते हेच.

आणि नाटक राहतं तेही यांच्याचपाशी. सिनेमाची रिळं राहतात, गाण्यांच्या तबकड्या राहतात. नाटकाचं चित्रीकरण केलं तरी त्यात टाळी कुठून उठली, कुठे सगळं सभागृह एकदम खोकलं, हे येत नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका मंचावर आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. पुढच्या तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त 31. म्हणजे पुन्हा तुलना करायची सोयच उरली नाही. आज तो प्रयोग पाहिलेलं कुणी हयात असणं शक्य नाही, तरी त्या रात्री कुणाची सरशी झाली यावर आजही बाजू घेतल्या जातात. केशवराव कोल्हापूरचे, तेव्हा कोल्हापूरकर माणूस बसला असेल तर आवाज चढतात. शंभरेक वर्षं हे भांडण कुणी चालवलं? आजोबांनी नातवाला सांगितलं, नातवाने चहा पिताना मित्राला सांगितलं, प्रत्येकाने थोडं पदरचं घातलं. इतिहासकाराला हे पुरावे म्हणून चालणार नाहीत, मान्य आहे. पण इतिहासकाराला त्या रात्रीत रस वाटायला कारणही हेच भांडण आहे.

'नटसम्राट'चं तसंच. धी गोवा हिंदू असोसिएशनने 23 डिसेंबर 1970 रोजी ते रंगमंचावर आणलं, डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर महाराष्ट्राने पाहिले. पुढे दत्ता भट उभे राहिले, सतीश दुभाषी उभे राहिले, यशवंत दत्त उभे राहिले. त्यामुळे साठी ओलांडलेल्या नाटकवेड्यांच्या कुठल्याही बैठकीत तासभर सहज निघतो. "लागूंचा अप्पा बुद्धीने कोसळतो, भटांचा पोटातून," असं कुणीतरी म्हणतं आणि मग यशवंत दत्तवाले उठतात. 2016 साली नाना पाटेकरांचा सिनेमा आला आणि या भांडणात विशीतली पोरंही आली. जुन्यांनी नाकं मुरडली. "मूळ संचात पाहिलंय आम्ही" हे वाक्य मराठी नाट्यरसिकाकडचं शेवटचं अस्त्र आहे, त्यापुढे वाद संपतो. आमचं मत विचाराल तर हे अस्त्र आता म्यान करावं. मूळ संच न पाहिलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवलं, तर दहा वर्षांनी बोलायला समोर कुणी उरणार नाही.

मुंबई-पुण्याबाहेर हे बोलणं आणखी रोखठोक असतं. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला मंडळ्यांची कार्यालयं गजबजतात, गावोगावच्या तारखा ठरतात. नाटक रात्री सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. मग टपरीवर चहा पिताना त्याचा जो निकाल लागतो, त्यावर अपील नाही, आणि तो मंडळीची गाडी पुढच्या गावाला पोचायच्या आत तिथे पोचलेला असतो. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरीच नाटक बसवतात, तिथे तर सोयच वेगळी. रात्री राजा झालेला माणूस सकाळी पाव आणायला जातो आणि आपण वाक्य कुठे विसरलो ते त्याला पाववाल्याकडूनच कळतं. झाडीपट्टीच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा इकडच्या कित्येकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तिकडच्या बोलण्यात ते केव्हाचं होतं.

एवढं कौतुक केल्यावर थोडं कडूही बोलायला हवं. नाटकाच्या गप्पांना अलीकडे एक रोग लागलाय, त्याचं नाव 'अप्रतिम'. नाटक पाहून आला की माणूस लिहितो: अप्रतिम, निःशब्द, चुकवू नये असं काही, पुढे हात जोडलेली चित्रं. निःशब्द झालेल्या माणसाने एवढं लिहावं कशाला? काय आवडलं, कुठलं वाक्य, कुठला प्रवेश, याचा पत्ता नाही. कारण उघड आहे. गप्पा मारणाऱ्यांत आता नट असतो, लेखिकेची बहीण असते, निर्मात्याचा मित्र असतो. त्यांच्यादेखत "दुसरा अंक ओढलाय" म्हणायचं कसं? मग ते वाक्य खासगीत, एकाला, "कुणाला सांगू नको" म्हणून सांगितलं जातं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं, फक्त लेखकाला सोडून. त्याला समजतं ते तिकीटविक्रीचा प्लॅन रिकामा दिसल्यावर. नाटकवाले स्वतःच सांगतात की जाहिरातीने पहिले दहा प्रयोग निघतात, पुढचं सगळं माउथ पब्लिसिटीवर. तोंडी प्रसिद्धी हवी असेल तर तोंडावर खरं ऐकायचीही तयारी हवी. पाचशे रुपयांचं तिकीट काढून, मुलाला शेजारी ठेवून, दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाचा तेवढा हक्क आहे.

उलट टोकाचेही आहेत. जाहिरात वाचून, नाव ऐकून, न पाहताच मत देणारे. याची परंपरा मोठी आहे. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात आलं, एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं, 1974 मध्ये थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा उभं केलं आणि 1980 साली ते युरोपात जाऊन आलं. या सगळ्या काळात त्यावर बोलणाऱ्यांपैकी पाहिलेले किती आणि न पाहिलेले किती, हा हिशोब कुणी मांडला नाही. मांडला असता तर तेंडुलकरांना आणखी एका नाटकाचा विषय मिळाला असता. पाहून शिव्या द्या, चालेल. आम्ही स्वतः पैसे मोजून पाहिलेल्या कित्येक नाटकांना मनसोक्त दिल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत या गप्पांचं मोल आम्हाला सगळ्यात जास्त जाणवलं ते कोल्हापूरच्या बातमीने. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेलं तिथलं नाट्यगृह, ज्याला पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं, ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आणि नंतरचे कित्येक दिवस कोल्हापूरकर काय बोलत होते? विमा, चौकशी, जबाबदारी हेही होतंच. पण जास्त होतं ते हे: मी पहिलं नाटक इथे वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलं. राज्य नाट्य स्पर्धेत आमचा पडदा इथेच अडकला होता. अमुक नट विंगेतून अमक्या बाजूने यायचा तेव्हा पायाखालची फळी करकरायची. इमारत पुन्हा बांधता येते, तिचे नकाशे असतात. फळी करकरायची हे कुठल्याच नकाशात नसतं.

म्हणून यंदा पानं वाढवली, जाहिराती कमी पडल्या तरी वाढवली. वाचकांच्या नाट्यगप्पांचा विभाग मोठा केला आणि त्यातली भांडणं न मिटवता छापली आहेत. एका लेखातली तारीख दुसऱ्या लेखातल्या आठवणीशी जुळत नसेल, तर दोन्ही तशाच ठेवून खाली टीप दिली आहे. संपादकांना कात्री लावायला आवडते हे आमचे लेखक जाणतात, पण या विभागात ती शक्यतो पेटीतच राहिली.

तुम्हाला एकच विनंती. अंक वाचून झाला की एक नाटक आठवा. मोठंच पाहिजे असं नाही, गणपतीतलं, कॉलेजचं, कामगार स्पर्धेतलंही चालेल. कोणत्या साली, कोणत्या नाट्यगृहात, कुणाबरोबर पाहिलंत, कोण काय करत होतं आणि बाहेर आल्यावर भांडलात कशावरून, ते कागदाच्या एका बाजूवर, सुवाच्य अक्षरात लिहून पाठवा. पत्ता अंकाच्या पहिल्या पानावर आहे. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी घरातल्या नातवंडाला सांगावं आणि त्याच्याकडून लिहून घ्यावं. पुढच्या दिवाळीला ही पत्रं छापू. नुसतं 'अप्रतिम' लिहिलेली तेवढी परत पाठवू.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

— संपादक