आठवीला कोणती भाषा घ्यायची?



जून महिना जवळ आला की आमच्या माधवनगरात हा प्रश्न हमखास कानावर येतो. विहारात वंदना झाली, चपला शोधायला बाहेर आलो की एखादी माउली गाठतेच. "दादा, पोरगी आठवीत गेली. शाळेत संस्कृत घे म्हणत्यात. घरात म्हणत्यात, आपण बौद्ध, आपल्याला कशाला संस्कृत? पाली घे. पण पाली घेऊन पुढं काय हाय?" बाई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. तिने विचारलेला प्रश्न चार प्राध्यापकांना एका बैठकीत सुटणार नाही, म्हणून यावेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्राचीन भाषेची स्पर्धा ही जगभर मोठ्या मानाची गोष्ट आहे. इटलीत आर्पिनो नावाचे एक लहान गाव आहे. सिसेरो हा रोमन वक्ता तिथला. त्याच्या नावाने १९८० पासून तिथे शाळकरी मुलांची लॅटिन स्पर्धा भरते. मुलांपुढे सिसेरोचा उतारा ठेवतात. पाच तासांत त्याचे भाषांतर करायचे आणि त्यावर टिपण लिहायचे. अमेरिकेतल्या शाळांत रोमन इतिहास, देवदेवता आणि व्याकरण यांवर घंटी दाबून उत्तर देण्याच्या चढाओढी होतात. जी भाषा बाजारात कोणी बोलत नाही, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपल्याला वाटेल. पण लॅटिनचे वजन साहेबाला पक्के ठाऊक होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये प्रवेशासाठी लॅटिनची अट होती, ती १९६० च्या सुमारास सुटली. ज्या शाळेत लॅटिनचा मास्तर नाही, त्या शाळेतल्या कामगाराच्या पोराला तोवर ते दार बंदच. म्हणजे भाषेचा दरवाजा करून त्यावर पहारेकरी बसवण्याची युक्ती एकट्या हिंदुस्थानची नाही.

आपल्याकडची अशी मानाची स्पर्धा म्हणजे जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती. नाना शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांच्या नावाने १८६६ पासून मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात अव्वल येणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळू लागली. ती मिळाली की त्या घराचे नाव गावभर होई. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण त्याआधी पाच वर्षे, १९०७ साली, त्याच विद्यापीठाची मॅट्रिक दुसरा एक विद्यार्थी पास झाला. त्याला संस्कृत शिकायचे होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमधल्या संस्कृतच्या शिक्षकाने महाराच्या पोराला संस्कृत शिकवायचे नाकारले. भीमरावांना नाइलाजाने फारशी घ्यावी लागली. मॅट्रिकला फारशी, बी.ए.लाही फारशी. १९५० साली हे दोघे, देशमुख आणि बाबासाहेब, एकाच मंत्रिमंडळात बसले होते. आता हिशेब करा. शिष्यवृत्तीच्या यादीत देशमुखांचे नाव आहे आणि बाबासाहेबांचे नाही, यावरून कोणाच्या बुद्धीचे माप निघते? मी कारकून माणूस, रोज रकमा जुळवतो. ज्या खात्यात रक्कम भरूच दिली नाही, त्या खात्यात शिल्लक शून्य दिसणारच.

बाबासाहेबांनी त्यावर काय केले, हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे. ते भाषेवर रागावून बसले नाहीत. पुढे स्वतःच्या मेहनतीने ते संस्कृत शिकले, ग्रंथ मुळातून वाचले, आणि त्या वाचनाच्या बळावरच शास्त्र्यांशी दोन हात केले. उतारवयात, प्रकृती खालावलेली असताना, त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश हाती घेतला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजरातीतही आहेत. एवढा जाड ग्रंथ आपल्या किती विहारांतल्या कपाटात आहे, आणि असला तर किती वेळा उघडला जातो, हे ज्याने त्याने बघावे.

तेव्हा "आपण बौद्ध, आपल्याला कशाला संस्कृत" हे म्हणणे मला पटत नाही. नागपूरच्या कुमुद पावडेताईंचे उदाहरण घ्या. आपल्याच समाजातल्या. गोखले गुरुजींनी त्यांना शाळेत जात न बघता संस्कृत शिकवले. त्या एम.ए. झाल्या, संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. 'अंतःस्फोट' हे त्यांचे पुस्तक १९८१ साली आले. त्यात त्या लिहितात की एम.ए. होऊनही नोकरी मिळेना, आणि मिळाली ती लग्नानंतर आडनाव बदलल्यावर. संस्कृत तेच, बाई तीच, आडनाव तेवढे वेगळे. २०२३ साली ताई गेल्या. एका शिक्षकाने दार लावले आणि एका शिक्षकाने उघडले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांना दोन्ही सांगाव्यात.

आता पालीकडे येऊ. गुणांचे बोलायचे तर राज्य मंडळाच्या दहावीला पाली संपूर्ण घेतली तर १०० गुणांची, हिंदीबरोबर संयुक्त घेतली तर ५० गुणांची. मराठी घरातल्या मुलाला ती जड नाही. लिहायला वेगळी लिपी नाही, आपली बाळबोधच चालते. स्वर आठच. ऋ, ऐ, औ नाहीत. श, ष नाहीत, एकच स. द्विवचनाची कटकट नाही. आणि गंमत बघा: संस्कृत सप्त, पाली सत्त, मराठी सात. अष्ट, अट्ठ, आठ. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. कर्ण, कण्ण, कान. आजीच्या तोंडचा शब्द आणि भिक्खूच्या तोंडचा शब्द एका वळणावर भेटतात. एवढेच काय, सातला लॅटिनमध्ये सेप्तेम आणि आगीला इग्निस. आपली अग्गि आणि त्यांची इग्निस दूरच्या बहिणीच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे, पेढेही वाटले गेले. पण दर्जा दिल्लीत मिळतो आणि मास्तर शाळेत लागतो. शिकवायला शिक्षक नाही म्हणून विषय नाही, आणि विषय घेणारी मुले नाहीत म्हणून शिक्षक नाही, हा रहाटगाडगा आपल्यालाच थांबवावा लागेल. आठ-दहा पालकांनी सह्या करून मे महिन्यातच मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा. जूनच्या पंधरा तारखेला जाऊन भांडण्यात अर्थ नाही, तोवर वेळापत्रक लागलेले असते. शाळेत जमले नाहीच तर संस्कृत घ्यावे आणि पाली विहारात शिकावी. एक येते त्याला दुसरी लवकर येते.

आणि स्पर्धा आपण का भरवू नये? वर्षावासात तीन महिने पोरेबाळे विहारात येतातच. त्यांना वंदना तोंडपाठ असते. पण 'गच्छामि' म्हणजे काय विचारले तर निम्मी गप्प. 'मी जातो' हा एकवचनी प्रयोग. मग 'आम्ही जातो' कसे म्हणाल? गच्छाम. 'वेरमणी' म्हणजे काय? अलिप्त राहणे, दूर राहणे. असे पंचवीस प्रश्न भाषेचे आणि पंचवीस संस्कृतीचे काढावेत. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातली लेणी कोणत्या धम्माची? मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला आपल्या भागातल्या कोणत्या गावच्या व्यापारी निगमाने दान दिले? उत्तर, करहकट, म्हणजे कराड. दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. गाडीभाड्याचे जमवून मुलांना एकदा आगाशिवला न्यावे, पुस्तकात दहा वेळा वाचून जे होत नाही ते तिथे होईल.

तारीखही आपल्याकडे आयती आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, त्यानंतर थोड्याच दिवसांनी ही तारीख येते. खर्च म्हणाल तर कागद, झेरॉक्स, चहा आणि तीन बक्षिसे. पहिल्या बक्षिसाला ट्रॉफी देऊ नये, ती कपाटावर धूळ खाते. सोळावा खंड द्यावा.

त्या माउलीला मी एवढेच सांगितले की पोरीला विचारा. पोरगी तिथेच उभी होती. म्हणाली, "दोन्ही शिकले तर चालतंय का?" आई माझ्याकडे बघायला लागली. रविवारी सकाळी नऊ वाजता विहारात वही घेऊन यायला सांगितले आहे. आणखी कोणाची मुले येणार असतील तर शनिवारपर्यंत नावे कळवावीत, म्हणजे सतरंजी किती टाकायची ते ठरवता येईल.