रस्त्याला नाव दिलं, पण गोष्ट कोण सांगणार?

बंगळुरूत येलहंक्याला 'मेजर संदीप उन्नीकृष्णन रोड' आहे. ऑटो बुक करताना, पार्सलवाल्याला पत्ता सांगताना हे नाव सहज तोंडात येतं. पण मागच्या सीटवरच्या मुलाने विचारलं, "हे कोण होते?" तर आपण काय सांगतो?

संदीप बंगळुरूत वाढले, इथेच शाळा शिकले. पुढे पुण्याजवळच्या खडकवासल्याला एनडीएत गेले आणि सैन्यात अधिकारी झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ते एनएसजीमध्ये होते. ताज हॉटेलात जखमी सहकाऱ्याला बाहेर काढण्याची सोय करून ते एकटेच हल्लेखोरांच्या मागे गेले. २८ नोव्हेंबरला ते शहीद झाले. वय होतं ३१. पुढच्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

त्याच सन्मानाचे आणखी एक मानकरी म्हणजे मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे, साताऱ्याच्या जावळी तालुक्यातले. गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. कसाबच्या रायफलची नळी त्यांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि तो जिवंत पकडला गेला. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली.

आठवडाभराने, ३ डिसेंबरला, गेटवे ऑफ इंडियासमोर हजारो मुंबईकर मेणबत्त्या घेऊन जमले. तिथे दुःख होतं तसा रागही होता. आमचं रक्षण कोण करणार, हा प्रश्न लोक नेत्यांना उघडपणे विचारत होते. इकडे बंगळुरूत संदीप यांच्या अंत्यसंस्कारानंतर केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री घरी आले, तेव्हा त्यांच्या वडिलांचा संताप अनावर झाला. अनेकांना ते विचित्र वाटलं. पण मुलगा सगळ्या देशाचा झाला, म्हणून आईवडिलांनी कॅमेऱ्यासमोर शांतच राहायचं, असं थोडंच आहे? देशाचं दुःख आणि घरातलं दुःख एकाच मापाचं नसतं. सांत्वनाला जाताना एवढं भान ठेवलं तरी पुरे.

मोठ्यांना ते तीन दिवस टीव्हीसमोर बसून काढलेले आठवतात. आज विशीत असलेल्या आम्हाला ते अर्धवट आठवतं आणि शाळेतल्या मुलांसाठी तो इतिहास आहे. म्हणून तर दरवर्षी २६ नोव्हेंबरला स्टेटसवर मेणबत्तीचं चित्र लागतं आणि दुसऱ्या दिवशी आपोआप जातं.

स्टेटस ठेवण्यात चूक काहीच नाही. फक्त तेवढ्यावर थांबू नये. इस्रायलमध्ये स्मृतिदिनी भोंगा वाजला की लोक हायवेवर गाड्या थांबवून खाली उतरून उभे राहतात. आपल्याकडेही ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन पाळायचं असतं, पण घरात कितीजणांना ते माहीत असतं? आठवण ठेवण्याच्या वाटा अनेक असतात. २०२१ मध्ये अभ्यासकांनी महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला ओंबळेंचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. लहान मुलांना ही गोष्ट हमखास आवडते. कोळ्यापासून सुरुवात करा, ती चौपाटीपर्यंत आपोआप पोचतील.

फार लहान मुलांना रक्तपाताची वर्णनं आणि व्हिडिओ नकोत. कोणी कोणाला वाचवलं, एवढं सांगितलं तरी चालतं. हल्लेखोर दहा होते; त्यांच्या कृत्याचा राग एखाद्या धर्माच्या शेजाऱ्यावर काढायचा नसतो, हेही त्याच वेळी सांगावं.

या २६ नोव्हेंबरला रात्री जेवताना आजी-आजोबांना विचारा, "तेव्हा तुम्ही कुठे होतात? कोणाला फोन लावत होतात?" मुलांना शेजारी बसवा आणि फोन जरा बाजूला ठेवा. येलहंक्याच्या बाजूला जाणं झालं, तर ती पाटी मुलांना मोठ्याने वाचायला सांगा आणि पुढची गोष्ट तुम्ही सांगा.