रात्रपाळीचा सोबती

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात मध्यरात्री जाण्याचा प्रसंग आला. दोन मागांवर चादरी उतरत होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा माणूस एकटाच होता. खडखडाटात बोलणे अशक्यच. दाराशी सुताच्या पोत्यांवर एक करडे मांजर बसले होते. इतक्यात वीज गेली, धोटे थांबले आणि मांजर उठून त्याच्या पायाशी आले. त्याने डब्यात राखलेला भात त्याच्यापुढे ठेवला व तेलुगूत त्याची विचारपूस केली. मग मला म्हणाला, "मी घरी पोहोचतो तेव्हा पोरं शाळेत गेलेली असतात. रात्रभरात माझं बोलणं ऐकणारं हे एवढंच."

मजुरी नगावर असल्याने वीज गेली की त्याची कमाई थांबते; सोबत मात्र तेव्हाच लाभते. या विसंगतीकडे केवळ हळवेपणाने पाहून चालणार नाही.

मांजर कारखान्यात हौसेखातर नसते. उंदरांनी सूत कुरतडू नये म्हणून त्याला थारा मिळतो. म्हणजे तेही रात्रपाळीचे कामगारच होय. लंडनच्या मनिऑर्डर कचेरीने १८६८ साली तीन मांजरांना याच कामासाठी आठवड्याला १ शिलिंग मंजूर केला होता. मांजरांचा खर्च तिथे सरकारी दप्तरात नोंदला गेला. आमच्या या विणकराचे नाव मात्र कोणत्याही हजेरीपटावर नाही!

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सोलापूरचा दिवस भोंग्यावर चालत असे. गिरणीतले शोषण कमी नव्हते. परंतु एका खात्यात अनेक माणसे असत, पाळी सुटताना शेकडो एकत्र बाहेर पडत आणि त्या गर्दीतूनच संघटना उभी राहिली. गिरण्या बंद पडल्या व काम छोट्या छपरांखाली विखुरले. १९४८च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची मर्यादा ठेवली होती. २०२०च्या संहितेने ती २० केली. मर्यादेखाली राहणाऱ्याला कायदा दुरावला. एकाकीपणा हा त्या माणसाच्या स्वभावाचा दोष नव्हे. तो या उत्पादनव्यवस्थेतच विणलेला आहे.

कोणी म्हणेल, मजुरीचा प्रश्न सुटला नसताना सोबतीचा विचार कशाला? परंतु मध्यरात्री हात मागात अडकला तर बटण बंद करणार कोण? मांजराला ते जमणार नाही. म्हणून रात्री कोणालाही एकट्याने माग चालवायला लावू नये, हजेरीपटावर नोंद व्हावी, साप्ताहिक सुटी भरपगारी मिळावी, या मागण्या मजुरीच्या मागणीइतक्याच तातडीच्या आहेत.

आणि एक प्रश्न आपणा कार्यकर्त्यांनाही. आपल्या सभा संध्याकाळी ७ वाजता भरतात. तेव्हा हा माणूस डबा घेऊन कामाला निघालेला असतो. मग तो येत नाही, अशी तक्रार आपण करतो. पाळी सुटल्यावर सकाळी चहाच्या टपरीवर आपल्यापैकी किती जण त्याला भेटतात? त्याचे ऐकून घेण्याचे काम आपण एका मांजरावर सोपवून मोकळे झालो आहोत. पुढची बैठक तरी त्या टपरीवर, सकाळी पाळी सुटल्यावर घेऊ या.