साबणाची वडी आणि कापसाचा क्विंटल

मारेगावहून आत, जंगलाच्या बाजूने गेले की कोलामांचे पोड लागतात. अशाच एका पोडावरच्या दुकानात मागल्या दिवाळीच्या सुटीत गेलो होतो. दुकान म्हणजे एक खिडकी. तिथे साधा पेन मिळाला नाही. पण एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांची माळ मात्र लोंबत होती. त्यांतली एक पुडी ज्या कंपनीची, तिचे मुख्य कार्यालय लंडनला!

बहुराष्ट्रीय कंपन्यांचा विषय निघाला की आपल्या वक्तृत्व स्पर्धांत जाहिरातींवर तोंडसुख घेतले जाते. मला वाटते, त्यांचे खरे बळ पुडीत आहे. आणि गंमत अशी की, पुडी त्यांची नव्हेच. पुडीतल्या शाम्पूची वाट पाडली ती तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी. १९८३ मध्ये त्यांच्या मुलाने 'चिक' काढून ती खेडोपाडी नेली. त्याआधी १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरी निरमा पावडर तयार केली आणि सायकलवरून विकली. तिला तोंड देण्यासाठी हिंदुस्थान लिव्हरला 'व्हील' आणावी लागली. १८८८ पासून कलकत्त्याच्या बंदरात साबण उतरवणाऱ्यांना धडा दिला तो एका सायकलवाल्याने.

मोठ्यांचीही अडचण असते, हे मान्य. साबणाला पामतेल लागते. ते इंडोनेशिया-मलेशियातून येते. युक्रेनच्या युद्धाने तेल भडकलेलेच होते, त्यात एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही आठवडे निर्यात बंद केली. दहाची वडी अकराला केली तर गिऱ्हाईक दुसरी उचलते. मग किंमत तीच, वडी हलकी. त्या वर्षी अनेक कंपन्यांनी हेच केले. वजन वेष्टनावर छापलेले असते, तेव्हा कायदा मोडला असेही म्हणता येत नाही.

पण वाचतो कोण? माझी माय अंगठा लावते. "वडी लवकर झिजून राह्यली, विहिरीचं पाणीच खारं झालं वाटते," असे ती म्हणायची. मी जुने वेष्टन शोधून दोन्हींवरचे ग्रॅम वाचून दाखवले. ती म्हणाली, "मंग पैसे तेवढेच काहून घेते?"

बाबांचा प्रश्न निराळा होता. "भाव पडला तर आपल्याले ऐंशी किलोचा क्विंटल करता येते का?" येत नाही. उलट १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत; म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येण्याच्या वेळी. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा असतो, तीही गरज खोटी नाही. पण तेल महागले की कंपनी ग्रॅम कमी करते. खत महागले तर आम्ही काय कमी करायचे?

माझी मागणी लहान आहे. वजन घटवले की निदान सहा महिने ते पुढच्या बाजूस, किमतीएवढ्याच मोठ्या आकड्यांत छापा. जागा नाही, असे कोणी सांगू नये. वजन वाढवले की 'जादा' हा शब्द केवढा मोठा येतो!

मायने आता वेष्टने चुलीत टाकणे बंद केले आहे. देवळीत ठेवते, आणि मी घरी गेलो की पुढ्यात टाकून म्हणते, "वाच."