आदिलशाही वाडा आणि आपली छत्तीस वर्षे



पणजीत मांडवीच्या काठावर जुने सचिवालय उभे आहे. कोणी त्याला आदिलशाही पॅलेस म्हणतात. पोर्तुगीज कागदांत तो 'इदलकांव'चा वाडा आहे. हे नाव म्हणजे आदिलखानाचा परक्या जिभेवर झालेला चुराडा. मध्यंतरी बेळगावच्या पाहुण्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी विजापूरचा सुलतान सांगितला, आल्बुकर्क सांगितला, व्हाइसरॉय सांगितले आणि तिथेच ते थांबले. पाहुण्यांतल्या एका आजोबांनी विचारले, "मग भाऊसाहेब बांदोडकर कुठे बसायचे?" गृहस्थ गप्प. आणि खरे सांगायचे तर जन्म गोव्यात जाऊनही आम्हालाही ती जागा दाखवता आली नाही.

सुलतानाच्या या वाड्याचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १५१० मध्ये गोव्याबरोबर तोही पोर्तुगीजांकडे गेला. पुढे जुन्या गोव्यात साथींनी माणसे मरू लागली, शहर ओस पडत गेले, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड या वाड्यात आणले. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. १९१८ मध्ये गव्हर्नर काबच्या राजवाड्यात राहायला गेले आणि इथे कचेऱ्या तेवढ्या उरल्या. हे सगळे कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत मिळते.

मिळत नाही ते त्यापुढचे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ९ जानेवारी १९६४ ला लोकांनी निवडून दिलेली पहिली विधानसभा याच वाड्यात भरली. सदस्य तीस, मुख्यमंत्री भाऊसाहेब. जिथे दोनशे वर्षे फक्त हुकूम सुटत होते, तिथे पेडण्या-सत्तरीचा माणूस उभा राहून मराठीतून सरकारला जाब विचारू लागला. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्या याच सरकारच्या काळात. कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा, दोन्ही इथलेच. आपल्या वाचकांपैकी काहींच्या जमिनी त्या कायद्यांनी गेल्या आणि काहींना त्यांनीच घराखालची माती मिळवून दिली. दोघेही आपल्याच मंडळात शेजारी बसतात, हे विसरून चालणार नाही.

विलीनीकरणाचा वाद तर सर्वांनाच ठाऊक आहे. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा महाराष्ट्रापासून वेगळा राहिला. (विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारा 'राष्ट्रमत'ही मराठीच दैनिक होता. मराठीवर प्रेम आणि विलीनीकरणाला होकार या दोन गोष्टी तेव्हाही एक नव्हत्या.) त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा त्याच वाड्यात पाठवले. १९७३ मध्ये ते गेल्यावर त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत राहिल्या.

मग ४ फेब्रुवारी १९८७. राजभाषा विधेयक याच सभागृहात मंजूर झाले. देवनागरीतील कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामकाजात वापर करण्याची मुभा कायद्यात राहिली. त्या तरतुदीवर आपण समाधानी आहोत का, हा वेगळा विषय आहे आणि या अंकात तो काढायचा नाही. पण आज कुठल्या सरकारी खिडकीवर आपण मराठी अर्ज पुढे करतो तेव्हा त्याचा आधार या वाड्यातल्या त्या दिवसात आहे.

२००० साली विधानसभा पर्वरीला गेली. वाडा रिकामा झाला. २०१६ पासून तिथे सेरेंडिपिटी कला महोत्सवाची दालने लागली. चित्रे लागावीत, आमची काही हरकत नाही. रिकामी, गळकी इमारत राहण्यापेक्षा माणसांचा वावर बरा. पण आम्हा बँकेतल्या माणसांना एक सवय असते. जुनी खतावणी संपली की नवीच्या पहिल्या ओळीवर शिल्लक पुढे ओढावी लागते. इथे सुलतानाचे खाते आहे, व्हाइसरॉयचे आहे, लोकांचे मात्र पुढे ओढलेच नाही. छत्तीस वर्षांची रक्कम गाळून ताळेबंद जुळवणाऱ्या कारकुनाला आमच्याकडे संध्याकाळी घरी जाऊ देत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे सभागृह भरत होते तिथे १९६४ ते २००० चा फलक असावा, कोकणी, मराठी आणि इंग्रजीत. एखादे दालन त्या काळातल्या कामकाजाला आणि छायाचित्रांना मिळावे. त्यात भाऊसाहेब असावेत, तसेच त्यांच्या विरोधात बसलेले जॅक सिक्वेराही असावेत. एका बाजूचे दालन आम्हाला नको.

मंडळातर्फे असे निवेदन पुरातत्त्व खात्याला द्यायचे ठरत आहे. त्याला जोडायला कागद हवेत. ज्यांच्या घरी त्या काळातली कात्रणे, प्रेक्षक सज्जाचे पास, सभागृहातील छायाचित्रे असतील त्यांनी प्रती काढून मंडळाच्या कार्यालयात द्याव्यात. मूळ प्रत कोणी देऊ नये, आम्ही मागणारही नाही. आणि भाऊसाहेब कुठे बसायचे हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांनी एका सकाळी आमच्याबरोबर पणजीला यावे.