सहाच्या आकड्यात कोंडलेली मुंबई

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणारी जनगणना मुंबईसाठी केवळ शिरगणती नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने गोठवलेले आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने पुढे रेटलेले लोकसभेचे जागावाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच अभेद्य आहे. तो बांध फुटेल, तेव्हा या महानगराचा दिल्लीतील आवाज किती उरेल, हे आता घरोघरी भरल्या जाणाऱ्या प्रपत्रांवरून ठरणार आहे. तरीही ना मंत्रालयाला त्याची चिंता आहे, ना मुंबईच्या नावाने छाती पिटणाऱ्या पक्षांना.

लोकसभेत या शहराने एकेकाळी कोणाला पाठवले आणि कोणाला नाकारले, याचा इतिहास गौरवाचाही आहे आणि लज्जेचाही. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर नारायण काजरोळकरांकडून सुमारे १५ हजार मतांनी पराभूत झाले. पुढच्याच निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर श्रीपाद अमृत डांगे निवडून आले आणि गिरणगावाचा आवाज संसदेत पोहोचला. १९६७ मध्ये स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य नेत्याला जॉर्ज फर्नांडिस या तरुण कामगार नेत्याने दक्षिण मुंबईत धूळ चारली. १९७७ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर निवडून आल्या. १९८४ च्या काँग्रेसलाटेतही मोडून पडलेल्या संपातील गिरणी कामगारांनी दक्षिण-मध्य मुंबईतून डॉ. दत्ता सामंतांना विजयी केले. मतदार पराभूत असला तरी शरण गेलेला नाही, हे त्या एका निकालाने दिल्लीला कळवले. यातल्या प्रत्येकाशी मतभेद असू शकतात. परंतु चाळ, गिरणी, पाण्याचा नळ आणि रेल्वेचा फलाट हा त्यांच्या राजकारणाचा आशय होता. आज उमेदवारी ठरते ती पक्षश्रेष्ठींच्या सोयीने, आणि मतदारसंघ हा सुरक्षित जागेचा पर्याय मानला जातो.

नकाशा गोठल्याचे परिणामही याच शहराने भोगले. १९७७ ते २००४ पर्यंतच्या निवडणुका एकाच सीमारेषांवर झाल्या. या काळात गिरण्या बंद पडल्या, दक्षिणेतला मराठी कामगार उपनगरांत आणि त्याही पलीकडे फेकला गेला. उत्तर मुंबई मतदारसंघ पार पालघरपर्यंत पसरलेला आणि फुगलेला, तर दक्षिण मुंबई आक्रसत चाललेली. २००८ च्या पुनर्रचनेत बेटावरच्या शहराच्या विधानसभेच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या २६ झाल्या. लोकसभेच्या जागा मात्र सहाच राहिल्या. १९७१ मध्ये ६० लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १ कोटी २४ लाखांवर गेली. म्हणजे एका खासदारामागे दहा लाखांच्या जागी वीस लाखांहून अधिक माणसे.

पण खरा धोका याहून गंभीर आहे, आणि तो गैरसोयीचा असल्यामुळेच कोणी उच्चारत नाही. राज्याची लोकसंख्या याहून वेगाने वाढली आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, मुंबई चार टक्क्यांनीही नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर घटली. निव्वळ डोक्यांच्या हिशेबाने नवी वाटणी झाली, तर राज्याच्या ४८ पैकी सहा हा आजचा वाटा टिकेलच, याची शाश्वती नाही. अशा वेळी प्रत्येक न मोजलेला माणूस हे थेट राजकीय नुकसान आहे. आणि मोजणीत निसटणारा माणूस कोण? संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे कुजणारा, पुनर्वसनात अपात्र ठरवून हुसकलेला, पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा. २०११ मध्ये या शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत होते. ज्यांना घर देताना कागद मागितले जातात, त्यांना मोजतानाही कागदांचीच भीती घातली गेली, तर ते दार उघडणार नाहीत.

याची किंमत काय, हे कल्याण-विरारच्या गाड्यांना लोंबकळणाऱ्यांना विचारावे. लोकल चालवते केंद्र. बंदराची अफाट जमीन, मिठागरांचा मोठा हिस्सा, विमानतळ, किनारा नियमन या सर्वांवर निर्णायक शब्द केंद्राचा. ज्या शहराचा श्वासच दिल्लीच्या मंत्रालयांतून चालतो, त्याचा संसदेतील भार घटला, तर रेल्वेच्या दाराशी लोंबकळणारे मृत्यू चालू राहतील आणि मोकळ्या जमिनींचे सौदे चर्चेविना होतील. महापालिकाही मार्च २०२२ नंतर प्रदीर्घ काळ प्रशासकाच्या हाती सोपवण्यात आली होती. शहराच्या तक्रारी ऐकणारा कोणताच निवडलेला माणूस पालिकेत उरला नाही, हा अनुभव फार जुना नाही.

मतदारांनीही हात झटकू नयेत. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, २००९ मध्ये, संतापाने पेटलेल्या या शहरात जेमतेम ४१ टक्के मतदान झाले. २०२४ मध्ये वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांवर ठरला, आणि तरीही जवळपास निम्मी मुंबई घरी होती. जे शहर मतदानाला येत नाही, त्याच्या जागा कमी करताना कोणत्या सत्तेला कचरावे लागेल?

राज्य सरकारने झोपडपट्ट्या आणि संक्रमण शिबिरांतील गणनेसाठी स्वतंत्र यंत्रणा आत्ताच उभी करावी, आणि गणनेतील माहितीचा पुनर्वसनाच्या पात्रतेशी संबंध नाही हे लेखी जाहीर करावे. मुंबईचे सहा आणि ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघरचे चार अशा दहा खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून संपूर्ण महानगर प्रदेशाची एकत्रित बाजू केंद्रापुढे मांडावी, कारण कामाला मुंबईत आणि झोपायला विरारला जाणारा माणूस एकाच शहराचा नागरिक आहे. हे गणना संपण्याआधी झाले नाही, तर फेररचनेच्या सुनावणीत मुंबईकडे मांडायला आकडेच नसतील.